यात कथा कुठे आहे?

संक्रांतीच्या आदल्या रविवारी आमच्या मंडळाच्या वाचनालयामागील खोलीत आम्ही एक जपानी ॲनिमेशनपट दाखविला. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांतील अडतीस भरल्या. चहाच्या वेळेपर्यंत वीस उरल्या आणि शेवटी दिवे लागले तेव्हा अकरा. निघताना एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्या खांद्यावर हात ठेवून विचारले, ‘‘सगळे ठीक आहे हो, पण यात कथा कुठे आहे?’’ पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हाच प्रश्न ठरावाचे रूप घेऊन आला. यापुढे मंडळातर्फे केवळ ‘ऐतिहासिक, चरित्रात्मक अथवा संस्कारक्षम’ चित्रपट दाखवावेत, असे ठरले. विरोधात दोन मते पडली. एक आमचे. दुसरे कोणाचे ते आम्ही सांगणार नाही, कारण त्या बाईंना अजून याच पेठेत राहायचे आहे.

हा लेख त्या ठरावाविरुद्ध आहे. ज्यांनी तो चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी अर्धाच पाहिला त्यांच्यासाठी तर विशेषच, प्रथम तो काय आहे ते सांगणे भाग आहे.

जपानच्या ‘आसाही शिम्बुन’ या मोठ्या दैनिकात ऑक्टोबर १९९१ पासून इशिई हिसाइची या व्यंगचित्रकाराची एक चित्रमालिका येऊ लागली. रोज चार चौकटी. यामादा नावाचे एक सामान्य कुटुंब. कारकुनी नोकरी करणारा तकाशी, त्याची विसराळू व आळशी बायको मात्सुको, अभ्यासाचा कंटाळा असलेला मुलगा नोबोरू, तिसरीतली मुलगी नोनोको, पोची नावाचे सदैव आंबट तोंडाचे कुत्रे आणि आजी शिगे. ही आजी मात्सुकोची आई. म्हणजे सासू आणि जावई एका छपराखाली. आपल्याकडे असे घर असते तर पहिल्या आठवड्यातच नातेवाइकांनी त्याची चर्चा चौथ्या गावापर्यंत पोहोचविली असती. यामादांच्या घरी त्यावरून फक्त टोमणे होतात. वाचकांना त्यातली मुलगी इतकी आवडली की १९९७ मध्ये मालिकेचे नावच तिच्यावरून ‘नोनो-चान’ ठेवण्यात आले.

या मालिकेवरून स्टुडिओ घिब्लीने चित्रपट काढला व १७ जुलै १९९९ रोजी तो जपानात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ताकाहाता इसाओ. इंग्रजीत तो ‘माय नेबर्स द यामादाज’ या नावाने ओळखला जातो. मूळ जपानी शीर्षकाच्या आरंभी ‘होऽहोकेक्यो’ असा एक शब्द आहे. तिकडच्या एका गाणाऱ्या पक्ष्याची ती हाक. कुटुंबाच्या गोष्टीला पक्ष्याच्या हाकेचे नाव कशाला, असे आमच्या सभासदांनी खचित विचारले असते. सुदैवाने त्यांनी शीर्षक वाचले नव्हते.

एकशे चार मिनिटांत जे घडते ते असे. सगळे घर गाडीतून खरेदीला जाते आणि परतताना नोनोको दुकानातच राहून जाते. निम्मी वाट आल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते, मग एकच धावपळ, एकमेकांवर दोषारोप. इकडे नोनोको शांत आहे. तिच्या मते ती हरवलेली नाही. घरची मंडळी हरवली आहेत. दूरचित्रवाणीवर काय लावायचे यावरून नवरा-बायकोची लढत होते, तीही तलवारबाजीच्या थाटात. आल्याच्या जातीची म्योगा नावाची एक भाजी असते, ती खाल्ल्याने विसराळूपणा येतो अशी तिकडे समजूत आहे. घरात ती शिजते आणि एकेक जण काहीबाही विसरत जातो. बर्फ पडते, तकाशीला वाटते की साऱ्यांनी अंगणात येऊन छायाचित्र काढावे, पण पांघरुणाखालच्या शेगडीची ऊब सोडून कोणी उठत नाही. बस्स. खून नाही, खजिना नाही, ताटातूट नाही, पश्चात्ताप नाही. शेवटी कोणी सुधारतही नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा, की हा लहान मुलांचा प्रकार आहे व साहित्यप्रेमी मंडळाने त्यात वेळ घालवू नये. त्यावर फार शाई खर्चण्याची आमची इच्छा नाही. याच दिग्दर्शकाने १९८८ मध्ये युद्धात अनाथ झालेल्या दोन भावंडांवर ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ नावाचा रेखाटलेलाच चित्रपट केला. तो पाहून झाल्यावर जो ‘मुलांचा प्रकार’ असे म्हणू शकेल, त्याच्यापुढे आम्ही हात टेकू.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. तोच या लेखाच्या मथळ्यावर आहे. यात कथा कुठे आहे?

वर्तमानपत्री चित्रमालिका हा चहाबरोबर वाचण्याचा प्रकार. अर्ध्या मिनिटात संपतो. जपानी परंपरेत चार चौकटींना चार कामे नेमून दिलेली असतात: पहिलीने उभे करायचे, दुसरीने पुढे न्यायचे, तिसरीने कलाटणी द्यायची, चौथीने मिटवायचे. मिटले की मिटले. उद्याच्या चौकटींना आजचे काही आठवत नाही. म्हणून नोनोको वर्षानुवर्षे तिसरीतच राहते आणि आजीचे वय वाढत नाही. कथेला लागते ती स्मृती: काल असे झाले म्हणून आज तसे झाले. चित्रमालिकेत ‘म्हणून’ हा शब्दच नाही. तिच्यात असतो तो ‘पुन्हा’. पुन्हा छत्री विसरली, पुन्हा भात करपला, पुन्हा तोच वाद. या ‘पुन्हा’मधूनच आपल्याला ती माणसे ओळखीची होतात, जशी शेजारची माणसे होतात. शेजाऱ्याची आपण कथा जाणत नसतो, त्याच्या सवयी जाणत असतो.

अशा मालिकेचा पावणेदोन तासांचा चित्रपट करायचा म्हटले की व्यवसायातली शहाणी माणसे एकच औषध सुचवितात: यात एक मोठी गोष्ट घाला. प्रवास घाला, खलनायक घाला, शेवटी नायकाला काहीतरी शिकवा. अमेरिकेत हे औषध हमखास वापरले जाते. जिम डेव्हिस यांचे ‘गारफील्ड’ हे मांजर १९७८ पासून वर्तमानपत्रांत येते. खाणे, झोपणे आणि सोमवारचा तिटकारा करणे यांपलीकडे त्याने काही केलेले नाही आणि म्हणूनच ते जगभर प्रिय झाले. २०२४ च्या चित्रपटात त्याच मांजराला हरवलेला बाप भेटतो आणि दोघे दुधाच्या मोठ्या गोठ्यावर दरोडा घालायला निघतात, धावत्या आगगाडीवरून उड्या मारतात. जो प्राणी पलंगावरून उतरत नाही हाच ज्याचा विनोद, त्याला आगगाडीवर चढविल्यावर उरते ते कोणतेही मांजर.

‘पीनट्स’चे उदाहरण अधिक नाजूक आहे, कारण तिथे प्रेमाने केले गेले. चार्ल्स शुल्झ यांनी ही मालिका २ ऑक्टोबर १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षे एकहाती काढली. शेवटचे रविवारचे चित्र १३ फेब्रुवारी २००० रोजी छापले गेले, आणि त्याच्या आदल्याच रात्री ते वारले. त्यातला चार्ली ब्राऊन हा मुलगा सदैव हरतो. त्याचा पतंग झाडात अडकतो. ज्या तांबड्या केसांच्या मुलीवर त्याचा जीव आहे तिच्याशी बोलायचे धैर्य त्याला होत नाही, आणि शुल्झ यांनी ती मुलगी वाचकांनाही धडपणे कधी दाखविली नाही. २०१५ च्या चित्रपटाच्या लेखनात शुल्झ यांचे चिरंजीव आणि नातू होते. हेळसांड झाली असे कोणी म्हणू शकणार नाही. चित्रे देखणी आहेत, जुन्या रेषेची लकब जपली आहे. पण शेवटी पतंग उडतो, ती मुलगी दिसते, बोलते, त्याचे गुण सांगते, आणि मित्र त्याला खांद्यावर घेतात. चित्रपटगृहातून लहान मुले हसत बाहेर पडली असतील, त्यात वाईट काही नाही. आम्हांस इतकेच वाटते की पन्नास वर्षे ज्या मुलाने न जिंकता आमची सोबत केली, त्याला पावणेदोन तासांपेक्षाही कमी वेळात जिंकवून टाकले. कशासाठी? कारण पडद्यावर कोणी नुसते असून चालत नाही, त्याचे काहीतरी झाले पाहिजे, अशी व्यवसायाची श्रद्धा आहे. आमच्या कार्यकारिणीची श्रद्धा तीच आहे, फक्त तिला ‘संस्कारक्षम’ असे शुद्ध नाव दिलेले आहे.

ताकाहाता यांनी हे औषध घेतले नाही. त्यांनी लहान गोष्ट ताणून मोठी केली नाही. लहान गोष्टीशेजारी दुसरी लहान गोष्ट ठेवली. प्रसंगांचे लहानमोठे गुच्छ केले आणि मधूनमधून एखाद्या गुच्छाच्या अखेरीस बाशो, बुसोन, सान्तोका अशा कवींचा एखादा हायकू आणून ठेवला. म्हणजे चार चौकटींच्या विनोदाला सतरा मात्रांच्या कवितेची जोड दिली. भात करपल्याची फजिती संपते, क्षणभर शांतता होते, तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या कोणा भटक्या कवीची ओळ ऐकू येते आणि पुन्हा स्वयंपाकघर. ही जुळणी सर्वत्र साधली आहे असे नाही. काही ठिकाणी हायकू उगाच पाटीसारखा लटकतो. मधला भाग लांबला आहे आणि चार चौकटींचा विनोद एकामागून एक साठ-सत्तर वेळा घेतला की जीभ बधिर होते, हेही खरे. आमच्या खोलीतून जे चहाच्या वेळी उठले त्यांतील काहींचा कंटाळा प्रामाणिक होता. आमचे भांडण कंटाळ्याशी नाही. कंटाळ्यातून जो ठराव निघाला त्याच्याशी आहे.

आणि चित्रांकडे कोणी पाहिले की नाही? घिब्लीचा हा पहिला चित्रपट, जो पारदर्शक पत्र्यांवर न रंगविता संपूर्णपणे संगणकावर उभा केला गेला. एरवी संगणक हाती आला की माणसे चकचकीतपणाकडे धावतात. इथे तो वापरला आहे जलरंगाचा ओलावा आणि पेन्सिलीची तुटक रेघ राखण्यासाठी. चौकटीचा मोठा भाग कोराच. खोली दाखवायची तर एक कोपरा, एक उशी, दाराची अर्धी चौकट. उरलेले आपण आपल्या घरातून आणायचे. आमच्यापैकी एका चित्रकला शिक्षकांनी तक्रार केली की चित्रे ‘अपुरी’ वाटतात. शाळेत पाने भरून रंगवून घेण्याची सवय लागली की कोरा कागद आळसाचा पुरावा वाटू लागतो. वास्तविक ही अपुरी चित्रे भरलेल्या चित्रांहून अधिक कष्टाची आहेत. रेघ अशी तुटक ठेवून ती हलविण्यासाठी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक रेखाटने करावी लागली.

एका प्रसंगाविषयी सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण तो पाहण्यापूर्वीच निम्मी मंडळी निघून गेली होती. रात्रीची वेळ. घराजवळ काही तरुण मोटारसायकली फटफटवत धिंगाणा घालीत आहेत. घरच्या बायका तकाशीला म्हणतात, जा, त्यांना सांग. तो जातो. आणि इथे रेषा बदलते. इतका वेळ मोठे डोके आणि आखूड पाय अशी जी व्यंगचित्री माणसे आपण पाहत होतो ती अचानक खऱ्या मापाची होतात. रस्ता खरा, हेल्मेट खरे, अंधार खरा. त्या खऱ्या तरुणांपुढे उभा असलेला तकाशी आता विनोदी नाही. तो भ्यालेला, मध्यमवयीन, पोट सुटलेला माणूस आहे. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग मागून आजी येते आणि आपल्या हुशारीने त्या पोरांना गुंडाळून वाटेला लावते. तकाशी घरी जात नाही. तो बागेतल्या झोपाळ्यावर एकटा बसतो आणि मनातल्या मनात ‘मूनलाइट मास्क’ होतो. १९५८ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आलेला हा पांढऱ्या पोशाखातला नायक. त्या पिढीच्या मुलांचा देव. स्वप्नात तकाशी मोटारसायकलवरून येतो आणि आपल्या कुटुंबाला गुंडांच्या तावडीतून सोडवितो. मग उठतो.

ज्यांना चित्रपटात वीर पुरुष हवा आहे त्यांनी हा प्रसंग दोनदा पाहावा. इथे वीर आहे, पण तो झोपाळ्यावरच्या माणसाच्या डोक्यात आहे. ऐतिहासिक चित्रपट पाहताना आपण सारे कोठे बसलेलो असतो, याचे इतके नेमके चित्र आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, अहो, तो चित्रपट जपानात तरी कुठे चालला? बरोबर. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ने १९९७ मध्ये तिकिटविक्रीचे उच्चांक मोडले होते, पाठोपाठ आलेला ‘यामादा’ अपेक्षेच्या मानाने पडला. ताकाहाता यांचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट, ‘प्रिन्सेस कागुया’, २०१३ मध्ये आला. चौदा वर्षे! २०१८ मध्ये ते गेले. पण यावरून लोकांना क्षुल्लक घरगुती गोष्ट नको असते असा निष्कर्ष काढू पाहाल तर फसाल. त्याच जपानात हासेगावा माचिको या बाईंनी १९४६ मध्ये सुरू केलेली ‘साझाए-सान’ ही अशीच चार चौकटींची घरगुती मालिका. तिच्यावरचे ॲनिमेशन ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर अर्ध्या शतकाहून अधिक काळ दाखविले जात आले आहे. जगातील सर्वाधिक काळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून तिची नोंद आहे. लोकांना क्षुल्लक गोष्ट आवडते, फार आवडते; मात्र ती घरी, जेवणाच्या वेळी, फुकट. पैसे मोजून अंधारात बसले की त्यांना वाटते, आता काहीतरी मोठे झाले पाहिजे. तिकीट काढणाऱ्याची ही अपेक्षा आम्ही समजू शकतो. आमच्या खोलीत तिकीट नव्हते. चहाही मंडळाचा होता.

तिसरा आक्षेप: जपान्यांच्या घरात काय शिजते याच्याशी आपल्याला काय करायचे? आपले काही दाखवा.

आपले! ज्या शहरात हा आक्षेप घेतला गेला ते बडोदे. इथल्याच महाविद्यालयात पाली शिकवीत असताना चिं. वि. जोशी यांनी चिमणराव, गुंड्याभाऊ आणि काऊ यांना जन्म दिला. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ ही पुस्तके आमच्या वाचनालयात आहेत. चिकटपट्ट्या लावलेल्या, पण आहेत. त्यात काय घडते? पाहुणे येतात, सामान हरवते, ठरविलेले बेत फसतात. चिमणराव कोणत्या लढाईवर गेला? कोणता संस्कार त्याने आपल्या मुलाबाळांवर केला? आमच्या ठरावाची शब्दरचना नीट लावली तर चिं. वि. जोशींना त्यांच्याच गावात प्रवेश नाही. आणि इंदूर-ग्वाल्हेरपासून हैदराबादपर्यंत ज्या घरांनी १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ पाहिली, त्यांनीही आठवून पाहावे. आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरून केलेली ती मालिका. वर्तमानपत्री व्यंगचित्रकाराच्या नजरेतला एक सामान्य चाकरमान्या, तोही मराठी आडनावाचा. तिच्यात कोणता मोठा पराक्रम होता? आज तीस-पस्तीस वर्षांनंतरही तुम्ही वागळ्याचे नाव काढले की हसता, कारण तो तुमच्या आत्याच्या यजमानांसारखा होता.

‘आपले’ म्हणून आणखी एक घ्या. यामादा कुटुंब जपानी वाचकांच्या दारी आले त्यानंतर दीडेक महिन्याने, २१ नोव्हेंबर १९९१ रोजी, पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. आम्हा महाराष्ट्राबाहेरच्यांना तो रोज कुठून मिळणार? आमच्या घरी तो येत असे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीतून, चकलीच्या डब्याभोवती गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात. डबा उघडण्याआधी कागद सरळ करून मुले त्यातला चिंटू शोधीत. तेलाच्या डागाखाली शेवटची चौकट गेली की भांडणे होत. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या. आई रागावते, बाबा वर्तमानपत्राआडून बघतात. यामादांचा हा सख्खा शेजारी.

त्याचा चित्रपट झाला २०१२ मध्ये, श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली. तो झाला जिवंत मुलांना घेऊन, रेषा गेली. पुढच्या वर्षी दुसरा आला, त्याचे नावच ‘खजिन्याची चित्तरकथा’. मुलांनी तो आनंदाने पाहिला आणि करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हांस शंका नाही. मराठीत मुलांसाठी चित्रपट काढणे हेच मुळी धाडस. तरीही आमचे दुःख असे, की गच्चीवर, अंगणात, ताटावर ज्याचे सारे जग मावत होते त्या मुलाला पडद्यावर यायचे तर खजिना शोधावा लागला. रेखाटलेला, तीन-चार चौकटींच्या मापाचा, घरातल्या घरात राहणारा चिंटू मोठ्या पडद्यावर पाहावा ही इच्छा आम्ही तीस वर्षे बाळगून आहो. ती पुरी होण्यासाठी पैसा लागेल, तंत्रज्ञ लागतील, हे कळते. पण त्याआधी असे काही पाहायला बसणारे प्रेक्षक लागतील. अडतीसांतून अकरा.

आता या सगळ्याने आमचा जीव का जळतो ते सांगतो. आम्ही बाहेरची मराठी माणसे. आमच्यापैकी अनेकांची पाचवी-सहावी पिढी या मुलखात आहे. बाजारात आम्ही गुजराथी, हिंदी, कानडी, तेलुगू बोलतो, कचेरीत इंग्रजी. मराठी उरली आहे ती घराच्या चार भिंतींत, आणि तिथेही स्वयंपाकघर, कपाटाचे कुलूप, आंघोळीचे पाणी आणि औषधाची वेळ एवढ्यापुरती. ती तिथे आहे म्हणून आहे. पण मंडळात आम्ही भाषेचा उत्सव करतो तेव्हा तिला घोड्यावर बसवून आणतो. मुलांकडून पोवाडे म्हणवून घेतो, गडकोटांवर भाषणे करवितो. चांगलेच आहे, आम्हीही लहानपणी केली. मात्र गेल्या दिवाळीत आमच्याच घरी आलेल्या एका चुणचुणीत नातवाने ‘स्वराज्य’ आणि ‘सार्वभौमत्व’ हे शब्द खणखणीत उच्चारले, आणि आजीने ‘ती सांडशी दे रे’ म्हटल्यावर तो पाहत राहिला. त्याला उलथणे माहीत नव्हते, फडताळ माहीत नव्हते, ‘उतू जाणे’ माहीत नव्हते. दूध मात्र गेले.

ज्या चित्रपटात एक आजी, एक विसराळू आई आणि एक दमलेला बाप तासभर फक्त सांडशी, छत्री आणि दूध यांवरून बोलतात, तो आम्हांस म्हणून जवळचा वाटला. भाषा जपानी, खाली अक्षरे इंग्रजी, तरी. मागच्या रांगेतल्या एक ऐंशी वर्षांच्या मावशी, ज्यांना ती इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती, दूरचित्रवाणीवरच्या नवरा-बायकोच्या लढतीला इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. त्या अकरांत होत्या. त्यांना मत नाही, कारण त्यांची वर्गणी थकली आहे.

चित्रपटाच्या अखेरीकडे नोनोकोच्या शाळेतल्या बाई वर्षाचा संकल्प म्हणून फळ्यावर एक शब्द लिहितात: ‘तेकितो’. हा शब्द मोठा खट्याळ आहे. त्याचा एक अर्थ योग्य, मापात बसणारे. आणि दुसरा अर्थ कसेबसे, चालेल तसे. दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडे ‘बेताचे’ हा शब्द थोडा तसा आहे: बेताने वागावे ही शिकवण, आणि परिस्थिती बेताची ही लाज. मग तकाशीला कचेरीतल्या कोणाच्या लग्नात भाषण करावे लागते. उभा राहून खिशातला कागद काढतो तर ती बायकोने दिलेली बाजाराची यादी. भाषण घरीच राहिले आहे. तो गडबडतो आणि मग यादी हातात धरून जे सुचेल ते बोलतो, आणि ते त्याचे आयुष्यातले सर्वांत बरे भाषण होते. मंडळाच्या व्यासपीठावर तीस वर्षांत आम्ही जी भाषणे ऐकली त्यांतल्या कित्येक वक्त्यांच्या खिशात कोणी वेळीच बाजाराची यादी सरकविली असती तर बरे झाले असते. आमचीही भाषणे त्यात धरावीत.

कार्यकारिणीस आमची विनंती लेखी दिली आहे. ठरावातील ‘केवळ’ हा एक शब्द काढावा. बाकी ऐतिहासिक आणि चरित्रात्मक चित्रपट खुशाल दाखवावेत, आम्ही पहिल्या रांगेत बसू. ती मान्य होईपर्यंत ज्यांनी चहानंतरचा भाग पाहिला नाही त्यांनी कोणत्याही रविवारी दुपारी चारनंतर आमच्या घरी यावे. जिना अरुंद आहे, दिवा वरच्या पायरीवर आहे. मोटारसायकलींच्या प्रसंगापासून लावू. मावशींना आम्ही आधीच सांगितले आहे. त्यांना सुरुवातीपासून पाहायचे आहे.